नित्यवाचन आणि सरवा

ख्रिस्ती घरांत सकाळचे किंवा रात्रीचे बायबलवाचन संपले की एक प्रश्न विचारला जातो : 'आज यातून तुला काय मिळाले?' लहानपणी आम्हा भावंडांना या प्रश्नाची थोडी धास्तीच असे, कारण उत्तर द्यावेच लागे आणि ते स्वतःविषयी असावे लागे. गोष्ट सांगून भागत नसे. या कृतीला आमच्याकडे 'वचन लागू करणे' म्हणतात. पुढे मराठी शिकवू लागल्यावर या शब्दाकडे माझे लक्ष गेले. मराठीत नियम लागू होतो आणि औषध लागू पडते. होण्यात आणि पडण्यात काय अंतर आहे ते कोणाही मराठी माणसाला सांगावे लागत नाही. नियम आपल्याला विचारून लागू होत नाही, औषध मात्र आपण आपल्या दुखण्याला शोधून घेतो. बायबल रोज वाचणारी माणसे 'लागू' हा शब्द यांपैकी कोणत्या अर्थाने वापरतात, हा या लेखाचा विषय आहे.

रोजच्या वाचनाच्याही दोन तऱ्हा आहेत. एक निवडक वचनाची. जर्मनीतल्या हेर्नहूट येथील मोरेव्हियन मंडळीने 1728 पासून रोज एक वचन ठरवून ते घरोघरी सांगण्याचा प्रघात पाडला. 1731 पासून वर्षभराची वचने छापली जाऊ लागली. ही वचने चिठ्ठी काढून निवडतात. आज भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, व्हॉट्सअॅपवर सकाळी सहाला येणाऱ्या सूर्योदयाच्या चित्रात, किंवा आमच्या आजीकडे होती तशा गुंडाळलेल्या चिठ्ठ्यांच्या डबीत जे वचन भेटते, ते याच घराण्यातले. दुसरी तऱ्हा क्रमवाचनाची. बायबलमध्ये 66 पुस्तके आणि 1189 अध्याय आहेत. रोज तीन-चार अध्याय वाचले तर वर्षभरात पारायण होते. रॉबर्ट मरे मॅकचेन या स्कॉटिश पाळकाने 1842 मध्ये आखून दिलेल्या वेळापत्रकात जुना करार वर्षात एकदा, तर नवा करार आणि स्तोत्रे दोनदा वाचून होतात. हरिपाठ नित्य म्हणणारा आणि ज्ञानेश्वरीचे पारायण करणारा अशी दोन्ही माणसे आपल्या एकाच गावात असतात, तेव्हा मराठी वाचकाला हा भेद नवा वाटू नये. निवडक वचन शिदोरीसारखे असते. क्रमवाचनात मात्र लेवीयातले महारोगाचे नियम, गणनेतल्या वंशावळ्या, यहोशवातली जमिनीची वाटणी, सगळ्यांतून चालत जावे लागते. फेब्रुवारीत लेवीय लागले की बहुतेकांचा नेम मोडतो, हे मंडळीतले सर्वांना माहीत असलेले गुपित आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बायबल वाचण्याचे शास्त्र शिकवणारी एक मोठी संस्था तीस वर्षे होती. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्याला गेली. देशभरातून विद्यार्थी तिथे येत. संस्था गेली त्यानंतरही जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत वाचनाचा एक कडकपणा राहिला आहे. वचन वर-खाली वाचल्याशिवाय बोलू नये, आधी कोण बोलतो ते पाहावे, मग काय बोलतो ते. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते आणि हा नियम त्यांनी आम्हाला पाढ्यांसारखा घोकून घेतला होता. नाटकातल्या पात्राचे भाषण हे नाटककाराचे मत समजू नये, हे मी बी. ए.च्या वर्गाला दरवर्षी सांगते तेव्हा मला ते समीक्षेच्या पुस्तकातून आल्यासारखे कधीच वाटत नाही.

या नियमाचे मोल मला 2006 साली कळले. त्या वर्षी जुलैच्या आरंभी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्याच वर्षी दिवाळीनंतर माझ्या चुलतभावाने आत्महत्या केली. आर्णी तालुक्यात त्याची पाच एकर कोरडवाहू जमीन. कापूस, त्यात तुरीची तासे, उरलेल्यात सोयाबीन. कर्ज बँकेचे थोडे, बाकीचे सावकाराचे. सातबारा अजून काकांच्या नावावर होता, म्हणून त्याचे प्रकरण मदतीसाठी 'अपात्र' ठरले. जिल्ह्यात तेव्हा अशी पात्र-अपात्र यादी वर्तमानपत्रांतून येत असे आणि लोक ती दहावीच्या निकालासारखी वाचत.

मंडळीतली माणसे भेटायला आली. स्वयंपाक त्यांनी आणला, कापसाची वेचणी त्यांनी करून दिली, हे आधी सांगितले पाहिजे. पण ख्रिस्ती माणूस रिकाम्या हाताने येत नाही, तो वचन घेऊन येतो. एका गृहस्थांनी यहूदा इस्कर्योताचा दाखला दिला. म्हणजे एक निकाल कचेरीने दिला होता, दुसरा यांनी दिला. दुसऱ्या एका बाईंनी वहिनीला सुंदर छापलेले एक कार्ड दिले. त्यावर ईयोबाच्या पुस्तकातले आठव्या अध्यायाचे सातवे वचन होते. तुझा आरंभ अल्प असला तरी पुढे तुझी फार भरभराट होईल, अशा अर्थाचे हे वचन आहे आणि ते दुकानांच्या उद्घाटनाला, नव्या घराच्या प्रार्थनेला, दिनदर्शिकांवर, सगळीकडे भेटते. देणाऱ्या बाईंच्या मनात मायेशिवाय काही नव्हते.

वहिनी सातवीपर्यंत शिकलेली. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचणारी. तिने कार्ड बायबलमध्ये ठेवले आणि ते वचन जिथले आहे ते पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतले. रोज एक अध्याय. ईयोबाचे 42 अध्याय म्हणजे दीड महिना. मी शनिवार-रविवार गावी जात असे, तेव्हा तिचा अध्याय कुठवर आला ते कळे. डिसेंबरात एकदा गेले तर तिने कार्ड काढून माझ्यासमोर ठेवले आणि विचारले, "हे कोण बोलते, मालूम हाय?"

बोलतो तो बिल्दद. ईयोबाचे दहाही लेकरे घर कोसळून मेली आहेत, त्याचे सांत्वन करायला आलेल्या तीन मित्रांपैकी हा दुसरा. त्या एकाच भाषणात, भरभराटीच्या वचनाच्या अवघी तीन वचने आधी, तो ईयोबाला सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केले असेल, म्हणून देवाने त्यांना त्यांच्या पापाच्या हवाली केले. जे वाक्य आपण आशीर्वाद म्हणून चौकटीत लावतो, ते एका पोरके झालेल्या बापाला, त्याची मेलेली मुले दोषी ठरवून झाल्यावर, अटीसह दिलेले आश्वासन आहे. आणि पुस्तकाच्या शेवटी स्वतः देवच या मित्रांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत. म्हणजे ज्याचे बोलणे खुद्द संहितेने नाकारले आहे त्याचे वाक्य आपण देवाचे वचन म्हणून वाटत असतो. ईयोबाच्या पुस्तकाचा मोठा भाग अशा भाषणांनी व्यापला आहे. तिथून ओळ उचलताना बोलणारा न पाहणे म्हणजे काय, हे साहित्याच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

वहिनीने हे सगळे असे मांडले नाही. ती एवढेच म्हणाली, "पह्यले सात दिवस ते गप बसले व्हते ना त्याच्या बाजूले, थेच बरं व्हतं. तोंड उघडलं अन् बिघडलं." मित्रांचे ते सात दिवसांचे मौन दुसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात आहे. ईयोबावर मी पुढे पुष्कळ वाचले, पण या निरीक्षणाहून नेमके असे फारसे हाती लागले नाही.

कार्ड तिने फेकले नाही, परतही केले नाही. ते खूण म्हणून तिसऱ्या अध्यायात ठेवले, जिथे ईयोब आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. तो अध्याय आपल्यासाठी आहे असे ती म्हणे. तिच्या मते तिला तो लागू पडला. इथे 'लागू पडणे' औषधाच्याच अर्थाने आहे, पण हे औषध तिने भरभराटीच्या नव्हे तर शापाच्या अध्यायात शोधले. क्रमाने वाचले नसते तर ती तिथे पोचलीच नसती, कारण ईयोबाचा तिसरा अध्याय कोणी कार्डावर छापत नाही.

सातवी शिकलेल्या बाईला ईयोब एकटीने वाचता येतो, यामागे मराठीचा दोनशे वर्षांचा खटाटोप आहे. श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम कॅरीचा मराठी नवा करार 1811 मध्ये बाहेर पडला. मुंबईचे अमेरिकन मिशनरी, पुढे बाबा पदमनजी आणि इतर अनेक हातांनी ही भाषा घासून घेतली. पण वाचक म्हणून एका अडलेल्या बाईला डोळ्यांसमोर ठेवले ते पंडिता रमाबाईंनी. संस्कृतावर ज्यांचे प्रभुत्व कलकत्त्याच्या पंडितांनी मान्य केले, त्या बाईने उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला तो खेडवळ बायकांना समजेल अशा साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्याचे खिळे जुळवले ते तिथल्याच स्त्रियांनी. 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या, तेव्हा भाषांतराचे काम त्यांनी हातावेगळे केले होते. संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून निघाले. मनोरमा गेल्यावरचे ते आठ-नऊ महिने मुद्रितांवर बसलेल्या या बाईच्या नजरेखालून ईयोब गेला असेल काय, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत रमाबाईंच्या 'स्त्रीधर्मनीती'ला जागा मिळते, या भाषांतराला एखादी ओळ. हा अन्याय आहे असे माझे मत आहे. धर्मग्रंथाचे भाषांतर म्हणून आपण ते बाजूला ठेवतो आणि त्यातल्या मराठीकडे पाहतच नाही.

नारायण वामन टिळकांची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. पुस्तक त्यांना आरंभी आवडले नव्हते, पण वाचीन असा शब्द दिला होता म्हणून ते वाचत राहिले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मला यातला 'शब्द दिला होता म्हणून' हा भाग महत्त्वाचा वाटतो. आवड निर्माण होण्याआधी वाचनाचा नेम होता. आस्वादाच्या आपल्या सिद्धान्तांत अशा न आवडता चालू ठेवलेल्या वाचनाला जागाच नाही. असो.

आता नियमाकडे येते. भाऊ गेल्यावर ती पाच एकर जमीन काही वर्षे पडीत, मग बटईने अशी चालली. काका वारल्यानंतर वाटणीत ती वहिनीच्या मुलाच्या आणि माझ्या नावावर अर्धी-अर्धी आली. मुलगा नोकरीला पुण्यात, मी महाविद्यालयात. वहिवाट आमच्या वतीने मीच पाहते. बटईदार गावातलाच, कष्टाळू, हिशेबाला चोख. सोयाबीन सोंगून गंज्या लागल्या, मळणी झाली, की शेतात सांडलेल्या शेंगा आणि दाणे वेचायला गावातल्या बायका येतात. याला आमच्याकडे सरवा वेचणे म्हणतात. शेंगा तडकल्या असतील त्या वर्षी सरवा बरा निघतो. पण पुढे हरभरा पेरायचा असतो, ओल उडायच्या आत रोटावेटर फिरवायचा असतो, आणि सरव्याच्या नावाखाली गंजीतलेच उपसून नेतात असा संशय असतो. म्हणून बायकांना हाकलणे ही शेतीच्या कामातलीच एक गोष्ट होऊन बसली आहे.

मराठी 'पवित्र शास्त्रा'त रूथच्या गोष्टीत हाच शब्द आहे, सरवा. शहरातल्या माझ्या विद्यार्थ्यांना त्याचा अर्थ सांगावा लागतो, वहिनीला सांगावा लागला नाही, कारण 2007 आणि 2008 अशी दोन वर्षे तिने स्वतः दुसऱ्यांच्या वावरात सरवा वेचला होता. विधवा रूथ विधवा सासूसाठी बेथलेहेमात जवाचा सरवा वेचते आणि संध्याकाळी झोडून पाहते तो एक एफा जव निघतो. एफा म्हणजे सुमारे 22 लिटर. प्रवचनांत इथे रूथच्या कष्टाळूपणाचे कौतुक होते. वहिनी हसली. "एका दिवसात? आपल्या इकडं दिसभर कंबर मोडली तं पायली निंगत नाही. मालकानं सांडाले लावलं म्हून झालं." आणि खरोखरच आदल्याच वचनात बवाज आपल्या गड्यांना पेंढ्यांतून मुद्दाम थोडे ओढून टाकायला आणि तिला न धमकावायला सांगतो. त्याआधी त्याने गड्यांना तिच्या अंगाला हात न लावण्याची ताकीद दिलेली आहे. ही ताकीद का द्यावी लागली असेल, हे सरवा वेचलेल्या बाईलाच विचारावे. रूथची गोष्ट प्रेमकथा म्हणून शिकवणाऱ्यांच्या नजरेतून ती नेहमी सुटते.

बवाजाने मुद्दाम सांडायला सांगितले हा त्याचा चांगुलपणा. पण सरवा वेचू देणे हा चांगुलपणा नव्हता, ते नियमशास्त्र होते. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात, म्हणजे जिथे बहुतेकांचा फेब्रुवारीतला नेम मोडतो त्याच भागात, सांगितले आहे की शेताचे कानेकोपरे कापू नका आणि सरवा वेचू नका, ते गरिबाचे आणि परक्याचे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नका असे म्हटले आहे. ती परक्याची, अनाथाची, विधवेची. यहुदी धर्मशास्त्राच्या मिश्नात 'पेआ' म्हणजे 'कोपरा' या नावाचे एक प्रकरणच आहे, आणि त्यात हा कोपरा शेताच्या साठाव्या भागाहून कमी नसावा असे ठरवून दिले आहे. पाच एकर म्हणजे 200 गुंठे, त्याचा साठावा भाग साडेतीन गुंठ्यांच्या थोडा आत. हे गणित मी वहीच्या मागच्या पानावर केले तेव्हा मला जाणवले की आजवर वाचलेल्या सगळ्या वचनांत हे पहिलेच असे होते, ज्याचे उत्तर गुंठ्यांत द्यायचे होते. 'आज यातून तुला काय मिळाले?' या प्रश्नाला इथे काही अर्थच नव्हता. मिळण्याचा संबंध नव्हता, सोडण्याचा होता. हे वचन मला लागू पडत नव्हते, लागू होत होते.

बटईदाराशी बोलले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "ताई, धरम तुमचा, पण सोयाबीन दोघायचं." त्याचे म्हणणे बिनतोड होते. लेवीयातला नियम जमिनीच्या मालकाला सांगितला आहे, बटईची त्यात तजवीज नाही. माझ्या श्रद्धेचा अर्धा खर्च त्याच्या घामातून घ्यायला मला कोणत्याच वचनाने मुभा दिलेली नव्हती. उलट मजुराची मजुरी रात्रभरही अडवून ठेवू नका, हे त्याच लेवीयाच्या त्याच अध्यायात, चार ओळींच्या अंतरावर आहे. एक वचन पाळण्यासाठी दुसरे मोडायचे नसेल तर हिशेब मांडावाच लागतो. तीन गुंठ्यांचे उत्पन्न मळणीच्या दिवशी मोजून, त्यातला त्याचा अर्धा हिस्सा माझ्या वाट्यातून त्याला द्यायचा, आणि मळणीनंतर रोटावेटर दोन दिवस थांबवायचा, असे ठरले. दोन दिवस थांबायला तो नाखूशच होता, ओल उडते हे खरेच आहे. पुतण्याला फोन केला तर तो म्हणाला, 'आत्या, माझ्या वाट्याचं तू आईला विचार.'

वहिनीला विचारले. मला वाटले होते तिला भरून येईल. तिने कोपऱ्यालाच हरकत घेतली. बांधाला लागून, रस्त्याच्या कडेला तीन गुंठे उभे पीक सोडले तर तिथे जाणारी बाई साऱ्या गावाच्या नजरेत येते. सरव्याचे तसे नसते. सगळ्या वावरात वाकून वेचणाऱ्या बायकांत कोण गरजेने आली आणि कोण सवयीने, हे कळत नाही. "कोपरा ठेवू नोका. ते तीन गुंठे सोंगताना सगळीकडं सांडा. अन् पाहाले कोणी उभं राहू नोका."

लेवीयात कोपराही आहे आणि सरवाही. त्यांतला सरवा तिने ठेवला आणि कोपरा काढला. मिश्नाचे पंडित यावर काय म्हणाले असते कोण जाणे. आम्ही तिच्या म्हणण्याप्रमाणे करतो. सोंगणारे तेवढ्या हिश्शाच्या पेंढ्या गंजीवर न नेता वावरभर टाकतात. मळणी झाली की बटईदार दोन दिवस दुसऱ्या वावरात जातो. मीही त्या दोन दिवसांत गावी जात नाही. त्यामुळे किती सरवा निघतो आणि कोण नेते, हे मला सांगता येणार नाही.